नाताळगीतांचा भावार्थ

डिसेंबरचा उत्तरार्ध आला की मुंबईच्या उपनगरांत ऋतू सुरांवरून ओळखू येतो. अंधेरीच्या बाजारात, बोरिवलीच्या मोठमोठ्या दुकानांत, मुलुंड-घाटकोपरच्या उपाहारगृहांत नाताळची गाणी दिवसभर वाजत असतात. खिडक्यांतून कागदी तारे लटकतात, दर्शनी काचांमागे कापसाचे बर्फ पसरले जाते, आणि मराठी, गुजराती, तमिळ अशी सारीच मुले त्या चालींवर ठेका धरतात. आनंदाला धर्माची अट नसावी, हे खरेच. परंतु चाल सर्वांच्या कानी पडते आणि शब्द मात्र फारच थोड्यांच्या कानी पडतो. कीर्तनात आयुष्य घालविलेल्या माणसाला ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. चाल ही शब्दाची पालखी आहे, असे आमची परंपरा मानते. पालखीचा थाट पाहून लोक परतले आणि आतल्या पादुकांकडे कोणी पाहिलेच नाही, तर तो सोहळा कसला?

ह्या दिवसांत हमखास वाजणारे 'जिंगल बेल्स' हे गीत घ्या. जेम्स पिअरपाँट ह्या अमेरिकन गृहस्थाने ते १८५७ साली प्रसिद्ध केले. त्यात बर्फावरून धावणारी घोड्याची गाडी आहे, घुंगरांचा नाद आहे, तरुणांची मौज आहे. येशूचे नाव त्यात एकदाही येत नाही आणि नाताळाचाही उल्लेख नाही. गीत म्हणून ते गोड आहे. परंतु तेवढ्यावरून ख्रिस्ती भाव कळला असे समजणे म्हणजे लेझमीचा ताल ऐकून ज्ञानेश्वरी समजली असे म्हणण्यासारखे आहे. ज्या गीतांत त्या धर्माचा प्राण आहे ती वेगळी. ती आपल्या शेजारच्या चर्चमध्ये दरवर्षी गायिली जातात. त्यांचे शब्द मराठी माणसाने एकदा मन लावून ऐकावेत, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

'नाताळ' हा शब्दच पाहा. तो पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला, आणि त्यांच्याकडे लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'नातुस' म्हणजे जन्मलेला. जुन्या लॅटिनमध्ये ह्याच शब्दाचे रूप 'ग्नातुस' असे होते आणि आपल्या संस्कृतातील 'जात' हा त्याचा सहोदर होय. 'जन्म', 'जननी', 'जातक' ही सारी त्याच कुळातली मंडळी. म्हणजे ज्याला आपण परका शब्द समजतो तो दूरच्या नात्याने आपलाच निघतो. येशूची इतर नावेही अशीच अर्थगर्भ आहेत. 'येशू' म्हणजे परमेश्वर तारतो. 'ख्रिस्त' म्हणजे अभिषिक्त. 'इम्मानुएल' म्हणजे आमच्यासंगे देव. आणि ज्या गावी तो जन्मला त्या 'बेथलेहेम' ह्या नावाचा हिब्रू अर्थ आहे भाकरीचे घर. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या उपनिषदांच्या वाचकाला हा अर्थ कळल्यावर क्षणभर थांबावेसे वाटेल.

येशूजन्माची कथा विस्ताराने सांगणारे संत लूकाचे शुभवर्तमान कीर्तनकाराच्या दृष्टीने फार मनोज्ञ आहे. कारण त्याच्या पहिल्या दोन अध्यायांत आख्यान आणि पदे एकमेकांत गुंफलेली आहेत. कथा थोडी पुढे सरकते आणि कोणीतरी गाऊ लागते. अशी चार गीते तेथे आहेत. पहिले मरियेचे. ती गर्भवती असताना आपल्या नात्यातील अलिशिबेच्या घरी जाते आणि तेथे गाते. दुसरे जखऱ्या ह्या वृद्ध याजकाचे. त्याची वाचा गेलेली असते, ती पुत्राच्या नामकरणाच्या वेळी परत येते आणि पहिले काही येते ते स्तवन. तिसरे देवदूतांचे, रात्री मेंढरे राखणाऱ्या धनगरांपुढे गायिलेले. चौथे शिमोन नावाच्या म्हाताऱ्याचे. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो बाळ यरुशलेमच्या मंदिरात त्याच्या हातात येतो आणि तो म्हणतो, की आता मला निरोप मिळाला तरी चालेल, माझे डोळे भरून पावले. पुढे जगभर जी नाताळगीते निर्माण झाली त्यांची गंगोत्री ह्या चार गीतांत आहे.

ह्यांतील मरियेचे गीत तर वाचकांनी आवर्जून पाहावे. नाताळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंद दिवे आणि निजलेले बाळ येते. परंतु त्या बाळाच्या आईचे गाणे अंगाईचे नाही. देवाने गर्विष्ठांची दाणादाण केली, सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हातांनी परत पाठविले, असा त्याचा आशय आहे. एका गरीब घरच्या मुलीच्या मुखी हे शब्द आहेत. कित्येक शतके चर्चच्या सायंप्रार्थनेत ते रोज म्हटले जातात. खरेदीच्या गर्दीत जी गाणी वाजतात त्यांत हे गीत का ऐकू येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आता अंगाईकडे येऊ. 'सायलेंट नाइट' हे गीत जगभर गायिले जाते. ऑस्ट्रियातील योसेफ मोर ह्या तरुण धर्मगुरूने १८१६ साली त्याचे शब्द लिहिले. नेपोलियनच्या युद्धांनी तो सारा प्रदेश होरपळून निघाला होता. दोन वर्षांनी, १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला, साल्झबर्गजवळच्या ओबेरन्डॉर्फ गावी फ्रान्झ ग्रूबर ह्या शिक्षकाने त्याला चाल दिली आणि दोघांनी ते गिटारच्या साथीवर चर्चमध्ये गायिले. मूळ जर्मन गीताला सहा कडवी आहेत. आज बहुतेक ठिकाणी त्यांतली तीनच गातात. गळलेल्या तिघांपैकी चौथे कडवे असे आहे, की त्यात येशू भावाच्या नात्याने जगातील सर्व जनांना कवेत घेतो. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांसाठी कवीने ते लिहिले. त्या रात्रीची शांतता ही झोपेची शांतता आहे असे तीन कडव्यांवरून वाटते. सहा कडवी वाचली म्हणजे ध्यानात येते, की ती तहाची शांतता आहे. गाळलेल्या कडव्यांत अर्थ राहून जातो, हा अनुभव अभंगांच्या बाबतीत आम्ही नित्य घेतो. येथेही तो येतो.

चार्ल्स वेस्ली ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचे 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' हे १७३९ चे गीत. त्याला आज जी चाल आहे ती मेंडेल्सोनच्या १८४० च्या एका रचनेवरून पुढे बसविलेली आहे, आणि ती रचना मूळची मुद्रणकलेचा जनक गुटेनबर्ग ह्याच्या गौरवाची! नाट्यपदाची चाल अभंगाला लावणाऱ्या कीर्तनकाराला ह्याचे नवल वाटणार नाही. चाल कोठूनही यावी; पण वेस्लीचे शब्द मात्र पक्के तत्त्वज्ञानाचे आहेत. अनादी असा देव मानवी देहाचा पडदा पांघरून मनुष्यांत मनुष्य म्हणून राहावयास आला, मनुष्याला मृत्यूतून सोडविण्यासाठी आला, हा ख्रिस्ती धर्माचा मूळ सिद्धांत तेथे मोजक्या ओळींत आला आहे. आयझॅक वॉट्सचे १७१९ चे 'जॉय टू द वर्ल्ड' त्याहून चमत्कारिक. ते ९८ व्या स्तोत्राच्या आधाराने रचलेले असून त्यात गोठा नाही, तारा नाही, मरियाही नाही. पृथ्वीवर न्यायाने राज्य करण्यासाठी राजा येत आहे, एवढेच त्यात आहे. पाळण्याच्या दिवशी राज्याभिषेकाचे गीत गाण्यामागे एक विचार आहे. जन्म हा आरंभ आहे, शेवट पुढे आहे, असे गाणाऱ्याला सुचवावयाचे असते.

येथवर वाचून अनेकांच्या मनात कृष्णजन्म उभा राहिला असेल. मध्यरात्रीची वेळ तीच, पाळणा तोच, गोपाळांच्या जागी धनगर, कंसाच्या जागी हेरोद, आणि बालकांची कत्तलही दोन्हीकडे. साम्य आहेच आणि ते गोड आहे. परंतु साम्य दिसले की आपण ऐकणे थांबवतो, हा आपला एक सभ्य दोष आहे. 'सगळे एकच' असे म्हणून आपण शेजाऱ्याचे बोलणे अर्ध्यावर तोडतो. तो काय वेगळे सांगत आहे हे ऐकण्याची तसदी आपण घेत नाही. तेव्हा भेद सांगितलाच पाहिजे. आपल्या अवतारकल्पनेत देव पुन:पुन्हा येतो. जेव्हा धर्माला ग्लानी येईल तेव्हा येतो. ख्रिस्ती श्रद्धेत तो एकदाच येतो, आणि त्या येण्याला काळाचा शिक्का आहे. लूक आरंभीच सांगतो, की औगुस्त कैसराने शिरगणतीचा हुकूम काढला तेव्हाची ही गोष्ट आहे. म्हणून नाताळगीतांत 'आज' आणि 'ह्या रात्री' हे शब्द वारंवार येतात. एकदाच घडलेली गोष्ट गाण्याने आजची व्हावी, अशी ती धडपड असते.

दुसरा भेद दैन्याचा. कृष्ण कारागृहात जन्मला तरी चतुर्भुज रूपाने प्रकटला, असे भागवत सांगते. येशूच्या जन्मात तसले ऐश्वर्य नाही. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून आईने त्याला बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणीत ठेविले. 'गव्हाण' हा आपल्या गोठ्यातला खास मराठी शब्द. गुरांना वैरण घालावयाची ती जागा. चित्रांत बैल आणि गाढव दिसतात, पण लूकाने त्यांचे नाव घेतलेले नाही. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते, पण माणसे ओळखत नाहीत, अशी यशया संदेष्ट्याची खंत आहे, तिच्यावरून भाविकांनी ती जनावरे तेथे आणून उभी केली. तसेच पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांचे. ते तीन होते असे मत्तय कोठेही म्हणत नाही, नजराणे तेवढे तीन सांगतो: सोने, ऊद आणि गंधरस. त्यांतला गंधरस प्रेताला लावावयाचा. पाळण्यापाशी मृत्यूची वस्तू ठेविली जाते, ह्याचा अर्थ ख्रिस्ती माणसाला पक्का ठाऊक असतो. त्याच्या नाताळात क्रूसाची सावली असतेच. शिमोनही गाऊन झाल्यावर मरियेला सांगतो, की तुझ्या जिवातून तलवार जाईल. जो हे शब्द ऐकेल त्याला नाताळ हा केवळ केकचा आणि दिव्यांचा सण वाटणार नाही.

हे सारे परभाषेत आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून ४०० वर्षे मागे जावे लागेल. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी तशी भाषांत मराठी, अशा आशयाचा त्याने केलेला गौरव आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो, आणि तो कोणत्या ग्रंथातला हे विसरतो. ह्या पुराणात येशूजन्माची कथा ओवीच्या चालीवर सांगितली आहे, आणि ते चर्चमध्ये वाचले जात असे. ह्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, ती लपवू नये. त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयाचा अंमल होता, आणि १६८४ साली तेथील राज्यकर्त्यांनी लोकांनी आपली भाषाच टाकावी असा हुकूम काढला. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात नटराजाच्या शिल्पाशेजारी फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटले, त्याचे अवशेष टेकडीवर आजही दिसतात. जखम होती ती होती. पण पोर्तुगीज सत्तेने केलेल्या अन्यायाचे माप आजच्या शेजाऱ्याच्या पदरात घालणे हा न्याय नव्हे.

कारण तो शेजारी येथलाच आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, फिरंगी गेले. साष्टी आणि वसईचा ख्रिस्ती शेतकरी व कोळी मात्र कोठे गेला नाही, कारण त्याचे दुसरे घरच नव्हते. त्याच समाजातील मुंबईकडील लोकांनी १८८७ पासून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी, बोली मात्र मराठी. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात १५७९ सालच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. रोगाची साथ आल्यावर तेथील वस्ती एकोणिसाव्या शतकात मरोळकडे सरली. मरोळ, चकाला, गोराई, मनोरी ह्या गावठाणांत नाताळला ज्या नेवऱ्या तळल्या जातात त्या आपल्या करंजीच्या सख्ख्या बहिणी आहेत.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपलेच. 'केवढे हे क्रौर्य' पाठ न करता मराठी शाळेतून कोण बाहेर पडले? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीने ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी आणि कीर्तन दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा सांगावा होता, आणि पलीकडे पोचल्यावर त्यांनी पूल मोडला नाही. ख्रिस्ताला माउली म्हणून आळविणारी त्यांची पदे 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहात आहेत. त्यांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आम्हां नाशिककडच्या मंडळींना लक्ष्मीबाई जलालपूरच्या म्हणून जवळच्या वाटतात. 'स्मृतिचित्रे' सर्वांनी वाचली, 'ख्रिस्तायन' मात्र कपाटात राहिले. संस्कृतातही हा प्रवाह आहे. ब्रह्मबांधव उपाध्याय ह्या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने १८९८ साली त्रैक्यावर स्तोत्र रचले, आणि पुढे देहधारणेवरील स्तोत्रात येशूला नरहरी ह्या नावाने आळविले. केरळचे पी. सी. देवस्सिया ह्यांच्या 'क्रिस्तुभागवतम्' ह्या महाकाव्याला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माझी चिंता येथून सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, आणि लॅटिन मिस्सेच्या जागी मराठी मिस्सा आली. परंतु उपनगरांतील नव्या पिढीची शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी आणि आता गाणीही इंग्रजी होत चालली आहेत. आजी मराठीत जपमाळ म्हणते आणि नात इंग्रजीत कॅरल गाते. नातीला आजीचे गाणे कळेनासे होणे ही एका घरापुरती गोष्ट नाही. मराठी भाषेतील भक्तीची एक स्वतंत्र शाखा त्यातून वठत जाईल, आणि वठली तर तो तोटा चर्चइतकाच मराठीचाही आहे. ह्या वठण्याला आपणही हातभार लावतो. मराठी म्हणजे हिंदू आणि ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी, असे समीकरण आपण मनात धरून बसलो, तर त्या मुलीने मराठीत गावे तरी कोणासाठी? २०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावर बोट ठेवले. मराठीत 'सुबोध बायबल' सिद्ध करणाऱ्या त्या लेखकाने भाषेची केलेली सेवा त्यांना दिसली नाही. २०२४ साली ते गेले. त्यांचे काम राहिले आहे.

कोणी विचारतील, की नारदांच्या गादीवर उभे राहणाऱ्याने हा विषय का घ्यावा? ह्यातून धर्मांतराला वाव मिळणार नाही काय? माझे उत्तर सरळ आहे. ऐकणे आणि अनुसरणे ह्या दोन क्रिया आहेत. ज्याची निष्ठा केवळ दुसऱ्याचे न ऐकण्यावर टिकून आहे त्याची निष्ठा मुळातच तकलादू समजावी. विठ्ठलाच्या पायी माझे मन जडले आहे, आणि मरियेचे गीत वाचून ते तसूभर हलले नाही. दीनांना उंच करणाऱ्या देवाचे वर्णन वाचून मला चोखोबा आणि जनाबाई मात्र अधिक स्पष्ट दिसू लागले. दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती वाचक म्हणतील, की आमची श्रद्धा ही तुमच्या रसास्वादाची वस्तू नाही. त्यांचेही म्हणणे योग्य आहे. म्हणूनच वर भेद स्पष्ट सांगितले. त्यांच्या गीतांना आपल्या अर्थात कोंबू नये, ती त्यांच्याच अर्थाने ऐकावीत, हाच माझा आग्रह आहे.

तेव्हा तीन विनंत्या. चर्चच्या गायकवृंदांनी ह्या सणात निदान एक गीत मराठीत गावे, टिळकांचे असो वा गावठाणातल्या आजीला येणारे असो. आम्हां कीर्तनकारांनी 'क्रिस्तपुराण' आणि 'ख्रिस्तायन' हे ग्रंथ मराठी आख्यानकवितेचा भाग म्हणून अभ्यासावेत. मुक्तेश्वर-मोरोपंत वाचणाऱ्याला ते अवघड नाहीत. आणि वाचकहो, आज शेजारच्या घरून नेवऱ्यांचे ताट येईल, तेव्हा ताट परत करताना त्या घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे, की काल रात्री चर्चमध्ये जे गायिलात त्याचा अर्थ काय. त्यांना सांगावयास आनंद वाटेल, आणि आपल्यालाही काही नवे ऐकावयास मिळेल.

सर्व ख्रिस्ती बांधवांना नाताळचे अभीष्टचिंतन.